परतीचा हॉर्न

पट्टीमास्तरांचं खरं नाव आमच्या दवाखान्यात फक्त हजेरीच्या रजिस्टरला माहीत होतं. बाकी सगळ्यांचे ते पट्टीमास्तर. हृदयाचा आलेख काढायचं मशीन ते चालवायचे. त्या मशीनमधून बारीक चौकटींची लांबलचक कागदी पट्टी बाहेर येते, तिच्यावरून हे नाव पडलं आणि चिकटलं. मी तिथे नर्स होते. बावीस वर्षं आम्ही शेजारशेजारच्या खोल्यांत काम केलं आणि त्यातली निदान वीस वर्षं भांडलो. माणूस हट्टी होता. मीही काही कमी नव्हते.

त्यांची खोली म्हणजे आमच्या बैठ्या दवाखान्याच्या टोकाची, पूर्वीची सामानाची खोली. एक कॉट, एक पडदा, एक स्टूल, भिंतीवर मोठं घड्याळ. ते घड्याळ मास्तर रोज सकाळी रेडिओवरच्या बातम्यांशी लावून घ्यायचे. मी एकदा म्हणाले, "मास्तर, गाडी चुकणार आहे का तुमची?" तर म्हणाले, "माझी नाही सिस्टर, पेशंटची चुकते."

ते खरंच होतं. हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली की तेवढा भाग मरायला लागतो आणि मेलेला भाग परत जिवंत होत नाही. बंद वाहिनी उघडायची खोली, ते मशीन, ते डॉक्टर सगळं शहरात, आणि शहर डोंगरापलीकडे. मधे एकशे तीस किलोमीटरचा वळणांचा रस्ता. कुठे ट्रक आडवा, कुठे दरड. साडेतीन तासांत पोचलो तर आम्ही नशीब काढलं म्हणायचो. शहरात मात्र एकाच रस्त्यावर अशी तीन हॉस्पिटलं, चहाच्या टपऱ्यांसारखी समोरासमोर. माझा हात चालला असता तर त्यातलं एक उचलून डोंगराच्या अलीकडे आणून ठेवलं असतं. आम्ही अर्ज केले, साहेब लोक येऊन गेले, मोजमापं झाली. कागदी घोडे नाचवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आमच्या वाट्याला आली एक ॲम्ब्युलन्स. एकच. ती एकदा गेली की सात-साडेसात तास परत येत नसे.

मास्तरांची एक पद्धत होती, ती कुठल्याही पुस्तकात नव्हती. पट्टी काढून झाली की ते पेशंटचा डावा हात हातात घ्यायचे आणि तळव्यावर बॉलपेनने वेळ लिहायचे. दुखायला कधी लागलं, ती वेळ. शहरातले डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात आणि घाबरलेले नातेवाईक काय वाट्टेल ते सांगतात. कुणी म्हणतं सकाळी, कुणी म्हणतं मघाशी, कुणी नुसतंच रडतं. सोबत दिलेले कागद तर वाटेतच गहाळ होतात. "हात काही गाडीत विसरत नाही," असं मास्तरांचं म्हणणं. पेशंट थट्टा करायचे, "मास्तर, आयुष्यरेषा बघा जरा, किती उरलीय." मास्तर हसायचे नाहीत. वेळ लिहून झाली की तिच्याखाली एक रेघ ओढायचे. शहरातली डॉक्टर मंडळी आमचा पेशंट आला की कागद मागायच्या आधी हात उलटा करून बघायची. त्या गोष्टीचा मास्तरांना भारी अभिमान होता. "माणूस खोटं बोलतो सिस्टर, पट्टी बोलत नाही, आणि माझी वेळ तर नाहीच नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवेन.

दुसरी पद्धत होती हॉर्नची. शहराहून परत येताना ड्रायव्हर पाणवठ्याच्या वळणावर दोनदा लांब हॉर्न द्यायचा. म्हणजे गाडी आली, कुणी थांबलेलं असेल तर तयार ठेवा. हळूहळू तो हॉर्न सगळ्या गावाला पाठ झाला. बायका ओट्यावरून एकमेकींना सांगायच्या, "आली बाई गाडी." गाडी गावात असली की लोकांना धीर वाटायचा, नसली की म्हातारीकोतारी जिना चढतानासुद्धा बेताने चढायची. आम्हाला त्यात गंमत वाटायची.

मास्तरांची बायको, आमच्या वहिनी, दवाखान्याच्या मागच्याच क्वार्टरमध्ये राहायच्या. अंगाने बारीक, बोलायला कमी, पण जे बोलतील ते नेमकं. एकदा मास्तर मशीनचं कौतुक सांगत होते, तर म्हणाल्या, "त्या मशीनला जेवायला वाढता येत असतं तर यांनी माझ्याशी लग्न केलंच नसतं." मुलगी शहरात नोकरीला होती. घरी दोघंच. सुरुवातीला मास्तर रोज जेवताना दवाखान्यातल्या कथा सांगायचे. आज अमका आला, पट्टी अशी होती, गाडी नव्हती, गेला. दर कथेच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य, "गाडी नसेल तर माझी पट्टी म्हणजे रद्दी." शेवटी वहिनी एके दिवशी म्हणाल्या, "तुमचे पेशंट दाराबाहेर चपलांपाशी ठेवून येत जा. घास उतरत नाही." मास्तरांनी कानाला खडा लावला. तेव्हापासून घरात दवाखान्याचं अक्षर नाही.

आता इंजेक्शनाचं सांगते, आणि इथे माझाही दोष आहे तो आधीच कबूल करते. वाहिनीतली गुठळी विरघळवणारं एक इंजेक्शन असतं. पहिल्या दोन-तीन तासांत दिलं तर बऱ्याचदा वाहिनी उघडते, मग शहरात सावकाश गेलं तरी चालतं. वर्षानुवर्षं मागून मागून त्या उन्हाळ्यात आम्हाला ते मिळालं. दोन कुप्या. फ्रिजची किल्ली माझ्याकडे होती. आमचे दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले, बाहेर फलक लावा. मी म्हणाले, दोनच तर आहेत, फलक लावला तर ज्याच्या त्याच्या पोटात गॅस झाला तरी इंजेक्शन मागायला येईल. मास्तरांनाही ते पटलं. आम्ही तिघांनी ती गोष्ट आमच्यातच ठेवली. गरिबाने नवं भांडं फडताळात लपवावं तशी.

महिना झाला असेल. त्या दिवशी पहाटेच ॲम्ब्युलन्स एका दुकानदाराला घेऊन शहराला गेली होती. दवाखान्यात बसगाड्यांच्या ड्रायव्हरांची वार्षिक तपासणी होती, साठेक माणसं रांगेत. मास्तर सकाळी सहालाच येऊन बसले होते, मान वर करायला फुरसत नव्हती. जेवायला घरी येत नाही, असा त्यांनी निरोप पाठवला.

सव्वा वाजता वळणावर हॉर्न वाजला. पावणेदोनच्या सुमाराला वहिनी आल्या, हातात मास्तरांचा डबा. डबा स्टुलावर ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, माझीही एक पट्टी काढता का? जरा छातीत दुखतंय."

मास्तरांनी वर पाहिलं. वहिनींचा चेहरा पांढरा, कपाळावर घाम. "कधीपासून?"

"आत्ताच. डबा भरत होते तेव्हा."

रांगेतल्या माणसांना बाहेर काढून मास्तरांनी पडदा ओढला. मी वायरी लावायला मदत केली. पट्टी निघायला लागली आणि मास्तरांनी ती बोटांतून सरकवत पाहिली. मीही पाहिली. मला थोडंफार कळतं. हृदयाचा भाग मरायला सुरुवात होते तेव्हा रेघ वर उचलली जाते. बरेच तास उलटले की तिच्यात खोल खड्डे पडतात. या पट्टीत खड्डे होते.

मास्तरांनी पुन्हा विचारलं, "नक्की आत्ताच?"

"हो म्हणतेय ना."

मी बावीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं, त्या माणसाने पट्टी बाजूला ठेवली आणि माणसाचं ऐकलं. मला वाटतं, दुसरं काही ऐकायची त्यांची तयारीच नव्हती. त्यांनी वहिनींचा डावा हात घेतला, तळव्यावर लिहिलं १:३०, खाली रेघ ओढली. पट्टीच्या कोपऱ्यातही तेच लिहिलं. आकडे नेहमीसारखेच स्वच्छ होते.

डॉक्टरांनी पट्टीचा फोटो शहरात पाठवला, फोनवर बोलले, मी फ्रिज उघडला. दोनला इंजेक्शन दिलं. दुखणं थांबलं नाही. सव्वादोनला आम्ही निघालो. मागे वहिनी आणि मी, पुढे ड्रायव्हरशेजारी मास्तर. रस्त्यात काही वळणांवरच फोन लागतो. तिथे तिथे मास्तर शहरातल्या हॉस्पिटलला फोन करत होते, खोली तयार ठेवा म्हणून. मधल्या काचेतून मला त्यांची मान तेवढी दिसत होती.

तासाभराने वहिनींनी माझं बोट धरलं. "सिस्टर, ते इंजेक्शन कसलं दिलंत?"

मी सांगितलं. गुठळी विरघळवतं, लवकर दिलं की वाहिनी उघडते.

"ते शहरातून आणलं?"

"नाही हो, आपल्याकडेच आहे. महिना झाला येऊन."

हे वाक्य मी किती सहज बोलले. थोड्या कौतुकानेच, खरं सांगायचं तर. वहिनी वर छताकडे बघत राहिल्या. गाडी दोन वळणं चढली. मग म्हणाल्या, "मला सकाळी सातपासून दुखतंय."

मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"गाडी गेलेली होती ना. पहाटे जाताना मी ऐकली. आत्ता सांगून काय करायचं, म्हटलं. हे नुसते येरझाऱ्या घालत बसतील, बाहेर साठ माणसं खोळंबतील. गाडी आल्यावर सांगू. हॉर्नची वाट बघत पडून राहिले. मधे जरा बरं वाटलं तेव्हा डबा केला." मग माझं बोट आणखी घट्ट धरून म्हणाल्या, "यांना सांगू नका. मी आत्ताच म्हणाले, तेच राहू द्या."

दवाखान्याच्या पाठीला पाठ लावलेलं घर. दार उघडून चाळीस पावलं चालली असती तर सव्वासातला इंजेक्शन मिळालं असतं. मी बाहेर बघत बसले, कारण त्यांच्याकडे बघवेना.

पावणेसहाला पोचलो. दारातच एक तरुण डॉक्टर आला, त्याने सवयीने वहिनींचा हात उलटा केला, मग पट्टी पाहिली, मग पुन्हा हात. "दीड? नाही, हे सकाळचं आहे."

"वेळ मी लिहिलीय," मास्तर म्हणाले.

"हो काका, पण हे निदान दहा-अकरा तासांचं—"

"माझी वेळ चुकत नाही." मास्तरांचा आवाज चढला होता. स्ट्रेचर आत ढकलताना मी त्याला बाजूला घेऊन खरं सांगितलं. त्याने मान हलवली. म्हणाला, बघतो.

वाहिनी उघडायला त्यांना पंचवीस मिनिटं लागली. पंचवीस. मी घड्याळात पाहिलं. ज्याच्यासाठी आम्ही बावीस वर्षं डोंगर ओलांडत होतो ते काम दूध तापायला ठेवून करण्याइतकं होतं. पण वाहिनी उघडली म्हणून मेलेला भाग उठत नाही. साडेसातच्या सुमाराला वहिनी गेल्या.

मुलीला फोन लागला तेव्हा ती कामावरच होती. ती आली आणि बापाच्या छातीवर डोकं ठेवून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "दहा मिनिटं लागली, बाबा. मी चालत आले. चालत." मास्तर तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघत होते.

आठवड्याने ते कामावर आले. मुलीने शहरात चला म्हणून खूप आग्रह केला, ऐकलं नाहीत. पहिल्यासारखंच घड्याळ लावायचे, पट्ट्या काढायचे, तळव्यावर वेळ लिहायचे. फक्त दुपारी माणसं पांगली की खिशातून एक घडी घातलेली पट्टी काढायचे आणि खिडकीपाशी धरायचे. एकदा मला हाक मारली. "सिस्टर, हे खड्डे बघा. पंधरा मिनिटांत पडतात का असे?"

"पडतात कधी कधी," मी म्हणाले. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि पट्टीची घडी घातली. मला खोटं बोलता येत नाही, हे त्यांना बावीस वर्षं माहीत होतं.

मी वहिनींचा शब्द पाळत होते, पण गोष्ट काही लपून राहणारी नव्हती. ती ड्रायव्हरच्या तोंडून आली, तीही अगदी साधेपणाने. औषधांच्या खोलीत आम्ही तिघं चहा घेत होतो. ड्रायव्हरचे डोळे भरून आले, म्हणाला, "मास्तर, वहिनींसारखं माणूस नाही बघितलं. त्या दिवशी मी गाडी आत घेतोय तर दारातच उभ्या. मला म्हणाल्या, दमला असाल, आधी जेवून घ्या, कदाचित लगेच परत निघावं लागेल. मी म्हटलं, आता कोण आहे? तर म्हणाल्या, असेल कुणी, तुम्ही पोटभर जेवा. मी जेवून हात धुतला तोवर तिथेच पायरीवर बसून होत्या, डबा मांडीवर घेऊन."

मास्तरांनी कप खाली ठेवला. चहा सांडला नाही, काही नाही, अगदी हळू ठेवला. ड्रायव्हरला काहीच कळलं नव्हतं, तो कप विसळायला बाहेर गेला.

"तुम्हाला माहीत होतं," मास्तर म्हणाले.

"हो."

"कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. गाडीत."

ते उठून आपल्या खोलीत गेले. महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मी रोज चार गोष्टी मुद्दाम चुकीच्या करून पाहिल्या, भांडतील म्हणून. भांडलेसुद्धा नाहीत. माणूस आतून पोखरला जात होता आणि मला दिसत होतं. त्यांनी घरात बोलणं सोडलं होतं ते बायकोला घास उतरावा म्हणून, आणि त्यापायी तिला फ्रिजमधल्या दोन कुप्या कळल्या नव्हत्या. तिला त्यांचं जुनंच वाक्य माहीत होतं, गाडी नसेल तर पट्टी म्हणजे रद्दी. तिने ते खरं मानलं. नवऱ्याचा शब्द कधी नव्हे तो मानायचा, तर नेमका हा मानला.

मग एके सकाळी ते डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "परतीचा हॉर्न बंद करा."

डॉक्टर म्हणाले, "अहो, पण गाडी आल्याचं आपल्याला कळायला नको?"

"तुम्हाला ड्रायव्हर फोन करेल. गावाला कळायला नको. गाडी आहे की नाही हे कुणाला कळता कामा नये." मग म्हणाले, "जातानाही गावाबाहेर पडेपर्यंत भोंगा लावू देऊ नका. मागच्या वाटेने जाऊ दे."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, बरोबर बोलतायत ते. त्याच दिवशी मास्तरांनी पुठ्ठ्यावर स्वतःच्या हाताने लिहून फाटकावर फलक लावला. छातीत दुखलं की लगेच या. गाडीची चौकशी करू नका. इथे इंजेक्शन मिळतं. मी पुढे वर्षभर इंजेक्शनाच्या कुप्यांसाठी इतकी पत्रं लिहिली की तिकडच्या कारकुनाला माझं अक्षर स्वप्नात दिसत असेल. दोनाच्या सहा झाल्या. शहरातल्या त्या खोलीसारखी खोली काही आली नाही. ती आजही नाही.

त्याच वर्षी पावसाळा सरला तशी एक बाई आली. सकाळची वेळ, शाळेत झाडलोट करणारी, हातात अजून झाडूच होता. गाडी तेव्हा शहरात होती. मास्तरांनी पट्टी काढली, रेघ उचललेली, खड्डे नव्हते. त्यांनी तिचा हात घेऊन विचारलं, कधीपासून?

ती म्हणाली, "वीस मिनिटं झाली असतील. आधी वाटलं, गाडी गावात आहे का बघू, मग जाऊ. पण हल्ली काही कळतच नाही. म्हणून आले तशीच."

मास्तरांनी वेळ लिहिली आणि रेघ ओढली. मी इंजेक्शन दिलं. तासाभरात तिचं दुखणं उतरलं, पट्टीतली रेघ खाली आली आणि ती बाई मला विचारायला लागली, शाळेची किल्ली तिच्याकडे आहे, ती कुणीतरी पोचती करेल का? मी हो म्हणाले आणि पडद्याबाहेर येऊन रडले. मला असं रडायची सवय नाही.

मास्तर खोलीत खिडकीपाशी उभे होते. ती घडी घातलेली पट्टी त्यांच्या हातात होती, घड्यांवर आता विरत चाललेली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सिस्टर, त्या दिवशी तिने तुम्हाला नेमकी वेळ सांगितली होती का?"

"सात," मी म्हणाले. "सकाळी सात."

त्यांनी पट्टी टेबलावर पसरली, हाताने सपाट केली, कोपऱ्यातले १:३० खोडले आणि शेजारी ७:०० लिहिलं. खाली रेघ ओढली. मग बाहेर थांबलेल्या माणसाला आत बोलावलं.